शेवटचा फेरा उलटा

आमच्या गावात गौर उठायच्या आधी बायका तिच्याभोवती फेर धरून नाचतात, आणि त्या नाचाचा शेवटचा फेरा उलटा फिरतो. एकदा एक शाळामास्तर वही घेऊन आले होते, गावोगावच्या चालीरीती उतरवून घ्यायला. त्यांनी उलट्या फेऱ्याचं कारण विचारलं. ओटीवरच्या बायकांनी एका सुरात सांगितलं की गौर माहेर सोडून निघते, तिचा पाय निघत नाही, म्हणून ती एकदा मागं वळून बघते. फार जुनी चाल, पांडवांच्या वेळची. मास्तर 'वा, वा' करत लिहीत होते. मी तिथंच तांदूळ पाखडत बसले होते. पांडवांच्या वेळची ती चाल तेव्हा जेमतेम सहा वर्षांची होती आणि तिला कारण मी होते. पण मास्तर इतके खूश दिसत होते की मी आपली सूप हलवत राहिले.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा माझं लग्न झालं. माहेर घोडबंदरच्या रस्त्यावर, खाडीला लागून. सासर कोपरला. डोंबिवली स्टेशनात उतरायचं आणि शेताच्या बांधाबांधानं चालत जायचं. दोन्हीकडं भातशेती, दोन्हीकडं मिठागरं, बोली तीच, मासळी तीच. आई म्हणाली होती, तुला तिथं काही नवं वाटायचं नाही. मलाही तसंच वाटलं. शिवाय मी सातवी शिकलेली. आमच्यात त्या वेळी एवढी शिकलेली मुलगी म्हणजे औषधालाही सापडायची नाही. आणि गौरीच्या नाचात तर माझा हात धरणारी आसपास कोणी नव्हती. माहेरचा फेर माझ्या आईच्या मागं चाले, आणि आईच्या मागं पहिली मी. तेव्हा सासरी जाताना नाक जरा वर होतंच, आता खोटं कशाला बोलू?

लग्न वैशाखातलं, आणि भादव्यात पहिली गौर. सासरची रीत अशी, की पहिल्या गौरीला नवी सून फेरात नाचली म्हणजे ती गावची झाली. तोवर ती पाहुणी. फेर चालवायची माझी मोठी चुलतसासू. तिला सगळं गाव मोठी आय म्हणायचं. साठी उलटलेली, अंगानं सुकटीसारखी, पण आवाज असा की पलीकडच्या पाड्यावर ऐकू जावा. माझी सासू फार लवकर गेलेली, त्यामुळं माझ्या नवऱ्यालाही मोठ्या आयनंच कडेवर वागवून मोठं केलेलं. ती गाण्याची ओळ टाकायची, बाकीच्या उचलायच्या, आणि फेरात तिचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द.

गौर आणली त्या दिवशी तिसऱ्या प्रहरी फेर धरला. आमच्या माहेरी गौर उजव्या हाताला ठेवून फिरतात, देवळात प्रदक्षिणा घालतो तशा. इथं गौर डाव्या हाताला. मला हे कोणी सांगितलं नव्हतं, कारण दुसरी काही रीत असू शकते हे त्यांनाच ठाऊक नव्हतं. गाणं सुरू झालं, सगळ्या एकीकडं वळल्या आणि मी ऐटीत दुसरीकडं. समोर मोठी आय. माझी नवी कोरी जोडवी आणि सगळं वजन तिच्या अंगठ्यावर पडलं. नख उखडलं. ती मटकन खाली बसली आणि गाणं थांबलं.

त्या क्षणी पाया पडले असते तर पुढचं काही झालं नसतं. पण मी तोंड उघडलं.

"पन तुमी समद्या उलट्या फिरता! देवाला प्रदक्षिना अशी घालतात काय? माना ठावं हाय, मी सातवी शिकलेली हाय!"

कुणीतरी तोंडाला पदर लावला. मोठ्या आयनं अंगठा दाबून धरत माझ्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं.

"आमी उलट्या, नि तू येवरी सुलटी," ती म्हणाली. "मंग सुलटी एका जागी बस. पोरा धर."

झालं. मला भिंतीशी बसवलं. फेरातली कुणी दमली की कडेवरचं मूल माझ्या मांडीत टाकायची आणि परत नाचायला जायची. तास-दोन तासांत माझ्याकडं चार पोरं जमली, त्यातली दोन ओली. पाय थिरकत होते आणि मी 'ओ ओ' करत पोरांना थोपटत होते. राग आणि रडू एकदमच येत होतं.

खरी धास्ती वेगळीच होती. तिसऱ्या दिवशी, गौर उठायच्या वेळी, मला माहेरी न्यायला भाऊ येणार होता. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. मला भिंतीशी बसलेली बघितलं असतं तर संध्याकाळपर्यंत आख्ख्या माहेरगावाला कळलं असतं, की फेर चालवणारीची लेक सासरी पोरं धरून बसते. आईला काय वाटलं असतं!

घरी आल्यावर नवऱ्यापाशी रडले. लग्नाला चार महिने झाले होते आणि चार वाक्यं धड बोललो नव्हतो. आधी तो हसला. मी चिडले. मग म्हणाला, "उलटा नाय गो त्यो. बाया पोर डावे कडेवर घेतात ना? गौर डावीकडं असली म्हंजे पोराला दिसते. उजवीकडं ठेवली तं पोर बघल कोनाला? वलनीवरचे कपऱ्यांना?"

"तुमाला कसा ठावं?"

"मी व्हतो ना कडेवर. मोठे आयचे."

एवढी साधी गोष्ट. सातवीच्या पुस्तकात ती नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायका शेजारच्या गौरीला गेल्या तसा त्यानं मला गोठ्यामागं बोलावलं. छपरावरच्या वेलाचा एक भला मोठा भोपळा त्यानं तोडून आणला होता. "घे कडेवर," म्हणाला. मी घेतला, पण पाय अडखळायला लागले. मग त्यानं धोतर वर खोचलं, भोपळा स्वतःच्या कमरेवर घेतला, उजवा हात पुढं नसलेल्या बाईच्या खांद्यावर ठेवला आणि मिशा फेंदारून बारीक आवाजात गात नाचायला लागला. बारीक पावलं, वाकणं, झोका, सगळं बिनचूक. मला हसू आवरेना. मग पुन्हा भोपळा माझ्याकडं आला, आणि या वेळी मी विचार करायचं सोडून दिलं. वजन डावीकडं असलं की उजवा पाय आपोआप बाहेर पडतो, आणि तो तसा पडला की माणूस डावीकडंच वळत जातो. मला ते ओझंच शिकवत होतं.

जाता जाता तो म्हणाला, वाकायचं पुन्हा एकदा दाखवतो. भोपळा परत त्याच्या कडेवर. तेवढ्यात बैलांना गवत घेऊन सासरे गोठ्यामागं आले. भारा डोक्यावर तसाच ठेवून ते उभे राहिले. नवऱ्याच्या हातून भोपळा निसटला आणि दगडावर पडून त्याची दोन शकलं झाली.

सासरे शांतपणे म्हणाले, "पोर पारलास रं."

दिवेलागणीच्या आत गावभर झालं. पुढं कितीतरी वर्षं लग्नाच्या पंगतीत भोपळ्याची भाजी आली की कुणीतरी माझ्या नवऱ्याला विचारायचंच, "पोर बरा हाय ना?" तो बिचारा मान खाली घालून जेवायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी भाऊ आला. नारळ-केळी दिली आणि ओटीवर ऐसपैस बसला, समोर अंगणात मांडलेला फेर नीट दिसेल असा. मी भिंतीशी, मांडीवर दोन पोरं. तो माझ्याकडं बघतो आहे हे मान वर न करताही कळत होतं. अंगठ्याला हळदीची चिंधी बांधून मोठी आय पाटावर बसली होती, तिथूनच गाणं सांगणार होती.

"गो सातवी," तिनं हाक मारली. "काल भोपला नाचवलास म्हनं?"

बायका फिदीफिदी हसायला लागल्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. पण जीभ माझीच.

"नाचवला मी. पारला त्यांनी."

मोठी आय हसली. हसता हसता तिला खोकला लागला. मग तिनं गावातलं सगळ्यात वजनदार पोर, एक गुबगुबीत सात महिन्यांचा गडी, मागवून घेतला आणि माझ्यापुढं धरला.

"मंग आता खरा घे. याला पारलास तं याची आय तुना खाडीन बुरवल. नि तुमी आपापले अंगठे सांभाला गो पोरींनो!"

मी फेराच्या शेपटाला लागले. पुढचीच्या खांद्यावर हात ठेवला. पाय बरोबर पडले. कडेवरचा गडी गौरीकडं झेपावत होता, माझं मंगळसूत्र ओढत होता, तिच्या मुखवट्याला बघून बोळक्यानं हसत होता. इतकी वर्षं मी नाचले, पण मूल गौरीला बघतंय असं मी कधी बघितलं नव्हतं. मला फार आनंद झाला. मी गावची झाले हे विसरून जाण्याइतका आनंद झाला.

फेरे झाले. आता गौर उचलायची, तर मोठ्या आयनं हात वर केला.

"थांबा. आता हिचे गावचा फेरा. कसा फिरता गो तुमी? दाव."

कुणी हलेना. मी म्हटलं, "नको, मोठे आये."

"दाव म्हनते ना!"

मी वळले. मग जी काही दाणादाण उडाली! खांद्याला खांदे आपटले, दोघींची पावलं तुडवली गेली, आणि एकाएकी गौर दिसेनाशी झाल्यामुळं कडेवरच्या पोरांनी एकदम भोकाड पसरलं. बायकांनी भराभर पोरं उजव्या कडेवर घेतली. अर्धा फेरा असा गेला, मग हळूहळू पाय जुळले. भाऊ ओटीवर उभा राहून बायकांच्या गाण्यावर टाळ्या वाजवत होता आणि सासरे त्याला खाली बसवत होते. पुढच्या वर्षी मोठ्या आयनं आपण होऊनच म्हटलं, "आता उलटा." आणि तसंच चालू राहिलं.

गौर पाण्यात सोडून परत येताना बायका पुढं निघून गेल्या. मोठी आय लंगडत माझ्या खांद्याला धरून मागं चालत होती. मी विचारलं, माझ्यासाठी सगळा फेर का फिरवला?

"मी यातली नाय गो," ती म्हणाली. "पार पनवेलचे पलीकडची. आमचे गावान हातान हात धरून नाचतात. पुरं दोन पावला, मागं एक. हितं आली तं ह्यांनी माना बशिवली. तीन वरसा पोरा धरली मी. तुमी कशा नाचता गो, असा कोनी इचारला नाय."

"मंग दावा ना आता."

तिनं पुढं बघितलं, मागं बघितलं. बांधावर कुणी नव्हतं. तिनं माझी बोटं धरली. दोन पावलं पुढं, एक मागं, मग कमरेतून एक गिरकी घेतल्यासारखं केलं आणि थांबली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा तिथंच थांबली. तिसऱ्यांदाही तिथंच.

"पुरचा इसरली," ती हसून म्हणाली. पण माझा हात तिनं सोडला नाही. "चालीस वरसा जेली गो."

मी म्हटलं, "हाय तेवरा तं शिकवा."

बांध अरुंद, निसरडा, आणि तिच्या अंगठ्याला चिंधी. दोन पावलं पुढं, एक मागं, असं करत आम्ही दोघी घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते, आणि माझं बोचकं मांडीवर घेऊन बसलेल्या भावाची गाडी कधीच चुकली होती.