नवी बाई मधात

माझा स्वभाव तापट. वर्गात एखादं मूल तोंड उघडत नसलं की मला आधी राग येतो आणि दया नंतर. त्या वर्षी चौथीत नव्यानं आलेल्या एका मुलीवर मी पहिला महिना नुसती चिडत होते. तिचे आईबाप बांधकामाच्या कामावर नागपूरला गेलेले, म्हणून दरेकशाकडची ही पोर केशोरीजवळच्या आमच्या गावात मावशीकडे राहायला आली होती. घरी गोंडी आणि गावची बोली दोन्ही बोलायची. शाळेत काहीच बोलायची नाही.

मी मनापासून प्रयत्न करत होते, हे सांगायलाच हवं. रोज पहिल्या तासाला तिला फळ्याजवळ उभी करायची, हातात पुस्तक द्यायची आणि वाच म्हणायची. सवयीनं भीड चेपेल अशी माझी समजूत. ती पुस्तकाकडे बघत राही, पोरं खुसखुसत, मी आधी पोरांवर ओरडे आणि मग तिच्यावर. शेवटी मी नोंदवहीत लिहून टाकलं, अक्षरओळख नाही. सोबतच्या सरांना म्हणालेही, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

रोवणी, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाली आणि ती यायची बंद झाली. धानाच्या रोवणीत आमची शाळा अर्धी रिकामी होतेच. पण बाकीची मुलं एकदोन दिवस दांडी मारून परत आली, ही आली नाही. आठव्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिच्या मावशीच्या शेतावर गेले. काय काय सुनावायचं ते वाटेत ठरवून ठेवलं होतं.

मावशी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, खताची बोरी उसवत बसली होती. तिनं आडपडदा न ठेवता सांगितलं, की पोरीचं शाळेत मन लागत नाही, रोवणी आटोपली की नाव काढून टाकू, बकऱ्या राखेल. मी म्हटलं, अहो, तिला साधी अक्षरं येत नाहीत, आत्ता शाळा सुटली तर जन्मभर अडाणी राहील. मावशीनं हातातली बोरी माझ्याकडे वळवली.

"वाचते ना मॅडम ते. या बोरीवरचं सारं तिनंच मले वाचून सांगतलं. किती टाकाचं, कवा टाकाचं."

मला खरं वाटेना. पोत्यावरचा मजकूर बारीक होता, जोडाक्षरांनी भरलेला; माझ्या वर्गातल्या हुशार मुलीही त्यावर अडखळल्या असत्या. मग शाळेत का वाचत नाही, असं विचारल्यावर मावशीनं बांधीकडे, पाणी साठवलेल्या खाचराकडे, बोट दाखवलं, म्हणाली तिलाच विचारा. ती बायांच्या ओळीत वाकून रोवत होती. मी धुऱ्यावरून हाक मारली. तिनं मान वर केली नाही.

बाया मात्र बोलल्या. धुऱ्यावर उभं राहून हाका मारणं सोपं आहे, जरा खाली चिखलात या म्हणाल्या. मी तिरोड्याची. गावाच्या चारी बाजूंना धान, पण जन्मात कधी बांधीत पाय घातला नव्हता. तरी कोणी डिवचलं की मला राहवत नाही. सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ओळीच्या टोकाला जाऊन उभी राहिले.

पऱ्ह्यांची, म्हणजे रोपांची, पेंडी हातात घेतली आणि सगळंच बिघडलं. एक रोप खोल रुतलं, दुसरं तरंगलं. बाया मागे मागे सरकत रोवत होत्या, मी जागच्या जागी, आणि माझ्यापुढची पट्टी तशीच रिकामी. सगळ्या हसल्या. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, पण माझे कान तापले आणि जे थोडंफार जमत होतं तेही जमेना. चाळिशीची बाई मी, मला रडू यायला लागलं.

तेव्हा ओळीतली सगळ्यांत म्हातारी बाई माझं मनगट धरून मला ओळीच्या मध्ये घेऊन गेली. "नव्या बाईले काठावर नाई ठेवत," एवढंच म्हणाली. इथली रीतच आहे ती. रोवणीला नवी बाई आली की तिला दोन सरावाच्या बायांच्या मधात घ्यायचं, आणि तिच्या वाटची जागा दोघींनी थोडी थोडी रोवत न्यायची, म्हणजे ओळ मोडत नाही. तिच्याकडे कोणी बघत बसत नाही. माझ्या डावीकडे ती मुलगी होती. तिचा हात मधूनच माझ्या बाजूला येई, दोन रोपं लावून जाई. अर्ध्या तासानं माझीही रोपं उभी राहू लागली.

वाकल्या वाकल्या मी तिला हळूच विचारलं, शाळेत का वाचत नाहीस गं.

"तुमी मले एकटीले उभी करता," ती म्हणाली. "सारे पाहत राहतेत."

मला फार लाज वाटली. उद्यापासून कोणालाच उभं करणार नाही, असं मी तिला सांगितलं. ती हो म्हणाली नाही. मावशी मात्र पोळ्यापर्यंत नाव न काढायला तयार झाली.

तिसऱ्या दिवशी ती आली. मी सगळ्यांना बसायच्या पट्टीवर ओळीनं बसवलं आणि तिला शेजारघरच्या दोन मुलींच्या मधात घेतलं. बसल्या जागी एकेकीनं वाचायचं, अडलं तर शेजारणीनं पुढं न्यायचं. तिची पाळी आली की दोघी तिचं वाचून टाकत. बरेच दिवस तिचे नुसते ओठ हलत होते, आणि पोळा जवळ येत चालला होता.

पोळ्याला चार दिवस उरले असताना तिच्या उजवीकडची मुलगी एका जोडाक्षरावर अडली. मग मधातल्या त्या मुलीनं तो शब्द वाचला, पुढचं वाक्य वाचलं, आणि परिच्छेद संपेपर्यंत वाचत गेली, खणखणीत, मान खाली घालून. माझे डोळे भरून आले. शाबास हा शब्द अगदी ओठांवर आला होता. पण तो ऐकताच सगळ्या वर्गानं वळून तिच्याकडे पाहिलं असतं. मी गप्प राहिले, आणि पुढच्या मुलीला म्हटलं, चल, आता तू वाच.