साध्या कागदावरची औषधं

माझी थोरली बहीण शहाणी आहे, असं सगळे म्हणतात. मी म्हणत नाही. अहो, घरात नवरा अर्धांगाने पडलेला असताना कुणी साहेबाशी वैर घेतं का? सरकारी दवाखान्यातल्या औषधांच्या खिडकीत ती सव्वीस वर्षं बसली. घर चार पावलांवर, म्हणून जेवणाच्या सुट्टीत येऊन भाऊजींना भरवायची. बदली झाली की ते बंद, हे तिलाही पक्कं ठाऊक होतं.

पण जिभेला हाड नाही. साध्या सर्दीला पाच औषधं लिहिलेली दिसली की पेशंटला परत पाठवायची, "विचारून या, यातलं नेमकं कशाला काय." डॉक्टर तिला शंकासुर म्हणत. पेशंटही वैतागायचे, कारण सुई टोचल्याशिवाय आपल्याला बरंच वाटत नाही. मीही त्यातलीच. मग एकदा ताई रजेवर असताना एका म्हातारीला गुडघेदुखीची एकच गोळी दोन वेगवेगळ्या नावांनी मिळाली. तिने दोन्ही खाल्ल्या आणि रक्त ओकली. वाचली बिचारी, पण ताई तेव्हापासून इरेला पेटली.

त्यात वरून तपासणी येणार असल्याचं कळलं. खिडकीत जमा झालेल्या महिन्याभराच्या चिठ्ठ्या बघणार, माणशी किती औषधं, किती जणांना अँटिबायोटिक, किती जणांना इंजेक्शन, सगळं मोजणार. दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी युक्ती काढली. छापील चिठ्ठीवर दोनच औषधं लिहायची, उरलेली साध्या कागदावर. खिडकीत दोन्ही बघून औषधं द्यायची आणि साधा कागद फाडून टाकायचा. आता हे फाडायचं काम दिलं कुणाला, तर आमच्या शंकासुराला. धन्य ती अक्कल!

ताईने एकही कागद फाडला नाही. ज्याचा कागद त्याच्या छापील चिठ्ठीला टाचणीने जोडत गेली. टाचण्या संपल्या तेव्हा माझ्या शिवणाच्या डब्यावर हात मारला, म्हणून मला कळलं.

मी भडकले. "उद्या लांब फेकतील तुला. भाऊजींना कोण भरवणार?"

तिने भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींना बोलायला वेळ लागतो. आम्ही थांबलो.

"लाव," ते म्हणाले. "टाचण्या."

तपासणीच्या बाईंनी गठ्ठा उघडला, चार पानं उलटली आणि विचारलं, "हे कुणी जोडलं?" साहेब भिंतीकडे बघत होते.

"मी," ताई म्हणाली. "औषधं या खिडकीतून गेली, तर कागदही इथेच राहणार."

तीन आठवड्यांत बदलीचा हुकूम आला. बसने पाच तास. आता ताई रविवारी घरी येते आणि दुपारी भाऊजींना मी भरवते. प्रत्येक घासाला तिच्या नावाने खडे फोडते. भाऊजी घास तोंडात धरून हसतात, मग मला आणखीच राग येतो.

परवा मला खोकला झाला. डॉक्टरांनी मान वर न करता पाच औषधं लिहिली, त्यात एक इंजेक्शन. चिठ्ठी पुढे सरकवली. मी उठलेच नाही.

"डॉक्टर, यातलं नेमकं कशाला काय?"

त्यांनी वर पाहिलं. "तुम्ही त्या शंकासुराच्या कोण?"

"धाकटी बहीण. तिच्या नवऱ्याला जेवू घालून आलेय, त्यामुळे मला घाई नाही."

मागे रांगेतली बाई म्हणाली, "मलाही सांगा हो, माझ्या चिठ्ठीवर सहा आहेत."

डॉक्टरांनी माझी चिठ्ठी परत ओढली आणि तीन औषधं खोडली.