आक्काला घातलेली शपथ

मी निघालो त्या सकाळी आमच्या ओसरीवर शेजारच्या सुलाकाकीचा मिक्सर उघडून पडला होता. दारात जीप उभी, ड्रायव्हर हॉर्न मारतोय, आणि आई पेपरवर मांडी घालून मिक्सरच्या मोटरला नवे कार्बन बसवतेय. मी पाया पडलो तेव्हा तिचे दोन्ही हात काळे. मग तिनं मनगटाची मागची बाजू माझ्या गालावरून फिरवली आणि म्हणाली, "शर्टाला डाग लागंल, जा आता. तिकडं काय बिघडलं तर लगीच टाकून दिऊ नगं, आधी उघडून बघ." जर्मनीला निघालेल्या पोराला आईनं करायचा उपदेश हा! मला रागच आला होता. मिक्सर काय पळून जात होता का?

आमचं गाव दहिवडीपासून आत, माणच्या माळावर. वडील मुंबईला गोदीत कामाला. यात्रेला आणि दिवाळीला यायचे. बाकी वर्षभर घरात पुरुष म्हणजे मी, आणि मला शेंबूड पुसायची अक्कल नव्हती. म्हणून मग आई शिकली. वडिलांनी हौसेनं आणलेला मिक्सर दोन महिन्यांत बंद पडला. दुसरी कुणी गुमान पाट्यावर वाटत बसली असती. आईनं तो उलटा केला, चार स्क्रू काढले आणि आत काय काय आहे ते तासभर नुसतं बघितलं. तिच्या माहेरी मेंढरं होती, लोकर कातरून बसलेला हात, थरथरणं ठाऊक नाही. तिसऱ्या दिवशी मिक्सर चालू.

हळूहळू ती आख्ख्या गल्लीची आक्का झाली. इस्त्री, पंखा, मिक्सर, काही बिघडलं की "आक्काकडं ने". वस्तू दुरुस्त व्हायला अर्धा तास लागायचा आणि घेऊन आलेली बाई उठायला दोन तास. कुणाची सून नांदत नाही, कुणाचा नवरा पितो, सगळं त्या पेपरवरच्या नटबोल्टांभोवती निघायचं. आई मान वर न करता ऐकायची, मधेच "पाना दे गं" म्हणायची.

दुकानात तर तिच्याबरोबर जायची मला लाज वाटायची. ही रंग बघणार नाही, मॉडेल बघणार नाही, आधी वस्तू उलटी करायला लावणार. "साधं इस्क्रू हायत न्हवं? कार्बन हितंच मिळत्यात का?" दुकानदार परदेशी कंपनीचा चकचकीत डबा पुढं सरकवायचा. "आवं मावशी, ह्यो बघा तरी." ती म्हणायची, "त्याचा पार्ट आणाय मी कुटं जाऊ? आपल्याकडं बनल्यालं द्या. बिघडलं तर त्येला माणूस हाय." देशप्रेमावर ती आयुष्यात एक वाक्य बोलली नाही. जवळच्या माणसानं बनवलेलं जवळच्या माणसाला उघडता येतं, एवढंच तिचं म्हणणं.

इथं जर्मनीत बिघडलेलं कुणी उघडत नाही. ठरलेल्या दिवशी लोक टोस्टर, व्हॅक्यूम क्लीनर, धडधाकट दिसणारी वॉशिंग मशीन फूटपाथवर मांडून ठेवतात आणि गाडी येऊन घेऊन जाते. पहिल्या वर्षी मी त्यातला एक टेबललॅम्प उचलून आणला, उघडला, सुटलेली वायर जोडली आणि व्हिडिओ कॉलवर आईला पेटवून दाखवला. तिनं सुलाकाकीला हाका मारमारून बोलावलं आणि तो दिवा बघायला लावला. मला डिग्री मिळाली तेव्हा एवढी खूश झाली नव्हती. पुढं मीही बदललो. पर्मनंट झालो, लग्न झालं, सगळं ऑनलाइन मागवायला लागलो. बिघडलं की फूटपाथवर.

वडील गेले, आणि त्याच्या पुढच्या थंडीत सुलाकाकीचा पाणी तापवायचा हीटर दुरुस्त करताना आईला शॉक बसला. भिंतीवर आदळली, डावं मनगट मोडलं. मला चार दिवस कुणी कळवलं नाही. कॉलवर प्लास्टर दिसलं आणि माझं डोकं फिरलं. खरं तर भ्यालो होतो. एवढ्या लांब बसून भ्यालेला माणूस दुसरं काय करणार, ओरडतो. ती म्हणाली, "येवढं काय न्हाई रं, मेन बंद करायचा इसरले." तेव्हा मी बोलून गेलो, "आई, परत विजेची कुठलीही वस्तू उघडलीस तर तुला माझ्या जिवाची शपथ."

आमच्याकडं पोराच्या जिवाची शपथ आई मोडत नाही. ज्यानं घातली त्यानंच "सुटली" म्हणावं लागतं, तोवर ती तिच्या डोक्यावर असते. मला हे माहीत होतं. माहीत होतं म्हणून तर घातली.

आठवड्याभरात मी तिला नवा मिक्सर पाठवला, परदेशी, भारीतला. तळाला एकसुद्धा स्क्रू नाही. "ह्यो उघडतोय कुटनं?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "उघडायचाच कशाला? दहा वर्षं बघायला नको." ती "बरं" म्हणाली. मी तो विषय तिथंच मिटला असं धरून चाललो.

बायका यायच्या बंद झाल्या. कुणी मुद्दाम केलं नाही. वस्तू आता दहिवडीला जायला लागल्या, आणि नुसतं बसायला यायला सवड कुणाला असते? कॉलवर घर शांत वाटायचं. मी बायकोला सांगायचो, आईला आता जरा आराम मिळतोय. दोनदा तिनं विषय काढला. एकदा हसत, "हात बरा झालाय आता. शपथ सोड की रं." मी हसण्यावारी नेलं. दुसऱ्यांदा ती हसली नाही. "दिस जात न्हाई रं माजा," म्हणाली. मी लॅपटॉप उचलून मीटिंगला निघालो होतो. म्हणालो, "आई, मी आलो की बघू."

मे महिन्यात दुपारी कँटीनमध्ये असताना चुलतभावाचा फोन आला. आक्का गेली. मातीला पोचलो नाही, सावडायला पोचलो. अग्नी त्यानंच दिला होता. डॉक्टर म्हणाले, हार्ट. भेटायला आलेले म्हणाले, चांगलं मरण आलं, कुणाला काही करावं लागलं नाही.

घरात जीव गुदमरत होता म्हणून मी पंख्याचं बटण दाबलं. पंखा नुसता घूं घूं करत राहिला, पातं हलेना. सुलाकाकी चहा घेऊन आली होती. म्हणाली, "कंडेन्सर गेलाय त्येचा. धा-बारा दिस झालं. आक्का काठीनं पातं ढकलायच्या, जरा फिरायचा, परत थांबायचा." वायरमन लगीनसराईच्या मांडवांत अडकलेला, रोज उद्या येतो म्हणायचा. आणि फळीवर, देवाच्या तसबिरीशेजारी, नवा कंडेन्सर पडला होता. आईनं स्वतः दहिवडीला जाऊन आणलेला. पाकीटसुद्धा फोडलेलं नाही.

"मी म्हणलं, आक्का, बसवा की, पोरगं काय तितनं बघतंय व्हय? तर म्हणल्या, शपथ त्येच्या जिवाची हाय सुले, माज्या न्हाई. मग म्हणल्या, तू चढ, मी खालनं सांगती." काकीनं पदर तोंडाला लावला. "मी न्हाई चढले रं. माज्या हीटरनंच तर समदं झालं हुतं, मला हात लावू वाटंना." मला तिला बोलायचा हक्कच नव्हता.

आमच्या पत्र्यावर मे महिन्याचं ऊन कसं पडतं ते खाली बसलेल्यालाच ठाऊक. उन्हानं गेली असं डॉक्टर म्हणाले नाहीत, गावातही कुणी म्हणालं नाही. मी म्हणतो. दहा मिनिटांचं काम होतं. त्या बाईनं गल्लीतले निम्मे पंखे फिरते केले होते, आणि स्वतःच्या घरात ती काठी घेऊन पातं ढकलत बसली.

मी मेन बंद केला आणि स्टुलावर चढलो, काकीनं स्टूल धरलं. मी मशीनच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, आणि त्या दोन वायरी जोडायला मला पाऊण तास लागला. पंखा फिरायला लागला. त्याच्याखाली आम्हाला बसवेना, म्हणून दोघंही ओसरीवर उन्हाच्या झळा खात बसलो.

माझ्यासारखे जे बाहेर आहेत त्यांना एक सांगतो. तिकडं आईबापांना आपण काय काय बंद केलंय ते एकदा आठवा. विळा धरू नको, शिडीवर चढू नको, गुरांकडं जाऊ नको. आपल्याला वाटतं, आपण त्यांना जपतोय. मला माझी भीती सोसत नव्हती म्हणून मी तिचे हात बांधले, आणि वर पार्सल पाठवलं.

निघताना काकीनं विचारलं, "घराचं काय करणार?" मी म्हणालो, ठेवतो, येत जाईन. घर म्हटलं की आता मला तो माळ, ती ओसरी आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की तिथं कुणीतरी माझ्याकडं एक गोष्ट मागत होतं आणि मला मीटिंगला उशीर होत होता. "सुटली" एवढाच शब्द पाहिजे होता तिला. आता मी तो रोज म्हणतो, बाल्कनीत, लिफ्टमध्ये, आणि जिला तो ऐकायचा होता तिला ऐकू जात नाही.