राजाची मिशी

नात मोबाइलवर राजा-राणीचा विनोदी सिनेमा पाहते आणि संपला की लगेच तसाच दुसरा शोधते. ते पाहून मला माय आठवते.

वलगावात माय दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायची. माझा धाकटा भाऊ तापानं गेला, तेव्हापासून ती हसलीच नव्हती. मी अमरावतीला कॉलेजात होते, तिथं तिला राजा-राणीच्या एका पोशाखी सिनेमाला नेलं. भित्रा राजा पलंगाखाली लपला तशी ती तोंडाला पदर लावून हसली. बाहेर येताच म्हणाली, "असाच अजून एक शिनिमा दाव मले. तुले त वाचता येते."

मग मी भिंतीभिंतीवरच्या जाहिराती वाचत फिरले. शेवटी मावशीच्या गावी, अकोल्याला, हसऱ्या राजाचं पोस्टर दिसलं. मायला घेऊन गेले, तर पडद्यावर राजा मेलेल्या मुलासाठी ओक्साबोक्शी रडू लागला. वाचता येणारी मी चित्राला फसले होते. मी तिचा हात धरला, "चाल माय, घरी जाऊ."

"थांब वं! पाह्य, राजाची मिशी निघून राहिली!"

तिचे डोळे भरले होते, आणि ती खदखदून हसत होती.

पुढं कॉलेजचा निकाल सांगितला तेव्हा तिनं विचारलं, "आता कोनता शिनिमा?" मी बी.ए. झाले होते, आमच्या घरातली पहिली.