मेणाची वडी आणि कच्चे आंबे
आंब्याच्या पेटीतल्या पेंढ्याचा वास आला की मला मेणाची एक वडी आठवते. जन्मभर ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांच्या कारखान्यात राबलेल्या बाबांच्या फुफ्फुसाच्या आवरणाला कॅन्सर झाला होता. त्या गाठीचा तुकडा मेणात बसवून हॉस्पिटलने माझ्या हातात दिला. दुसऱ्या लॅबमध्ये त्यातली प्रथिनं तपासली की बाबांकडे किती दिवस उरलेत, याचा अंदाज येणार होता. सॉफ्टवेअर कंपनीतल्या नव्या नोकरीतून मी अर्धा दिवस सुट्टी काढली होती. मेण वितळेल या भीतीने वडी जेवणाच्या डब्यात घालून मी तो मांडीवर घट्ट धरला होता, आणि पिवळ्याजर्द उन्हात आमची रिक्षा तरंगत चालल्यासारखी वाटत होती. मंडईपाशी बाबांनी ती थांबवली आणि कच्च्या हापूसची पेटी घेतली. "पिकायला आठ दिवस लागतील हं, काका," आंबेवाला म्हणाला. "बाबा, तयार घ्या ना," मी कळवळून म्हणाले. "अगं, रिपोर्टलाही आठच दिवस लागणारेत. तोवर घरात पिकणारं काहीतरी असू दे." मग रोज सकाळी ते पेंढ्यात हात घालून एकेक आंबा हुंगायचे आणि म्हणायचे, "अजून नाही." आता तयार आंबे घरपोच मिळतात. मी मात्र कच्चेच आणते, आणि पिकले तरी एक दिवस "अजून नाही" म्हणते.