उतरायला किनारा नसलेलं बेट

आमच्या घरात भीती बाबांकडून आली. काचीगुडा स्टेशन घरापासून हाकेच्या अंतरावर, तरी गाडीच्या कितीतरी आधी बाबा आम्हाला फलाटावर नेऊन बसवायचे. गॅस बंद केला की नाही हे पाहायला अर्ध्या वाटेतून परत यायचे. आई हसायची. मी हसत नसे, कारण मला त्यांचं पटायचं. मी कुत्र्याला भ्यायची, उघड्या जिन्याला भ्यायची आणि सगळ्यात जास्त पाण्याला. हैदराबादेत समुद्र नाही, त्यामुळे ते फारसं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी आमच्या मॅडमनी मला आणि माझ्या मैत्रिणीला खोलीत बोलावलं. मॅडम आम्हाला इकॉलॉजी शिकवायच्या. पन्नाशीला टेकलेल्या, नारायणगुड्यात म्हाताऱ्या आईबरोबर राहणाऱ्या, साडीवर कॅनव्हासचे बूट घालून रानोमाळ हिंडणाऱ्या. मॉरिशसजवळच्या काही निर्जन बेटांवर परदेशी विद्यापीठाचं काम चालू होतं आणि त्यात दोन विद्यार्थिनी नेता येणार होत्या. पूर्वी कुणीतरी त्या बेटांवर बकऱ्या आणि ससे सोडले होते. त्यांनी होतं नव्हतं ते हिरवं खाऊन टाकलं. आता ते प्राणी हलवले होते, आणि जमिनीतून काय काय पुन्हा उगवतंय ते आम्ही पाहायचं होतं.

"तिथं पोहता यावं लागतं का?" मी विचारलं.

"लाइफ जॅकेट देतात," मॅडम म्हणाल्या. हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं हे आम्हा दोघींनाही कळलं.

त्या वर्षांत परदेश एकदम जवळ आला होता. गल्लीतल्या दर तिसऱ्या घरातलं कुणीतरी अमेरिकेची वाट बघत होतं, दिलसुखनगरला कॉम्प्युटर क्लासच्या पाट्यांवर पाट्या चढत होत्या आणि आमच्या शेजारणीला एक गोष्ट काही केल्या समजत नव्हती. "इतक्या लांब जाऊन झाडं मोजणार? झाडं इथं नाहीत का?" बाबांनी मात्र एकच विचारलं.

"पाणी किती खोल असतं तिथं?"

"बाबा, समुद्र आहे तो."

त्यांनी मान हलवली. नाही म्हणाले नाहीत. मला वाटतं, ते नाही म्हणतील अशी माझी मनातून आशा होती.

मैत्रीण माझ्या अगदी उलट होती. ती गोदावरीकाठच्या गावातली, लहानपणापासून नदीत डुंबलेली, दिलसुखनगरच्या हॉस्टेलवर राहायची. आम्ही दोघी हैदराबादच्या दखनी हिंदीत बोलायचो, कारण तिला मराठी येत नव्हतं आणि माझं तेलुगू भाजीवाल्यापुरतं होतं. विमानात मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसले होते आणि ती खिडकीला नाक लावून ढगांत काय काय दिसतंय ते मला सांगत होती.

मॉरिशसला आमचा मुक्काम किनाऱ्यालगतच्या एका जुन्या घरात होता. तिथं स्वयंपाक करणारी बाई माझं आणि मॅडमचं मराठी ऐकून दारात थबकली. तिचे पूर्वज कोकणातून उसाच्या मळ्यांवर आले होते. तिला मराठी आरत्या पाठ होत्या, पण बोलायला चार वाक्यंही येत नव्हती. मी बेटावर जाणार म्हटल्यावर तिनं समुद्राकडे पाहिलं आणि माझ्या दंडावर हात ठेवून एवढंच म्हणाली, "सांभाळ." परक्या देशात कुणी आपल्या भाषेत सावध करतं तेव्हा ते जास्त खरं वाटतं.

त्या परदेशी विद्यापीठाचे विद्यार्थी एका मोठ्या बेटावर गेले. मॅडम, मैत्रीण आणि मी अशा आम्ही तिघी दुसऱ्या, लहान बेटावर. मला वाटलं होतं, बेट म्हणजे वाळू असेल, बोट अलगद वाळूवर टेकेल. पण समोर आला तो समुद्रातून सरळ वर आलेला काळा खडक. किनारा नावाची गोष्टच नव्हती. पाण्याला लागून खडकाचाच एक सपाट, पुढे आलेला कडा होता, अंगणातल्या ओट्याएवढा. लाटेबरोबर बोट वर यायची, क्षणभर त्या कड्याच्या बरोबरीला थांबायची आणि पुन्हा माणूसभर खाली जायची. त्या क्षणात उडी मारायची.

मैत्रिणीनं मारली. मॅडमनी निऱ्या खोचून मारली. नावाडी मला त्याच्या भाषेत "आता" म्हणायचा आणि दर वेळी माझे पाय फळीला चिकटून राहायचे.

"कायकू डर री तू?" वरून मैत्रीण ओरडली. "नीचे देख नक्को! मेरेकू देख!"

शेवटी नावाड्याच्या सोबत्यानं मला पाठीमागून जवळजवळ ढकललंच. मी कड्यावर गुडघ्यांवर पडले आणि तशीच रांगत वर गेले. मागे बोट वळली आणि निघून गेली. तिचा आवाज बंद झाल्यावर जे उरलं, ते ऐकून मला पहिल्यांदा कळलं की आता आपण इथून आपल्या मनानं जाऊ शकत नाही.

काम मात्र सुंदर होतं, हे सांगायलाच हवं. लाकडी चौकट जमिनीवर ठेवायची आणि आतलं रोपन् रोप मोजायचं. केवड्याच्या जातीची झाडं होती, पंख्यासारख्या पानांचे ताड होते आणि त्यांच्या बुडाशी बोटभर उंचीची नवी रोपं. इतक्या वर्षांनी ती रुजत होती. जेवायला बसलं की हातभर लांबीच्या सापसुरळ्या कुठून कुठून येऊन ताटाशी थांबायच्या. माणसाची भीतीच नाही त्यांना. मला त्यांचा हेवा वाटायचा.

जमिनीचा भरवसा नव्हता. समुद्रपक्ष्यांनी आतून बिळं पोखरली होती आणि चालताना पाय मध्येच गुडघ्यापर्यंत आत जायचा. त्या पक्ष्यांबद्दल मॅडमनी आधीच सांगितलं होतं, तरी पहिल्या दिवेलागणीला ते बिळांकडे परतून ओरडायला लागले तेव्हा माझ्या हातातलं भांडं पडलं. तान्ही मुलं रडावीत तसा आवाज. एक थांबलं की दुसरं, तंबूखालून, पाठीमागून, सगळ्या बाजूंनी. आजही इमारतीत कुठं बाळ रडलं की माझा हात थांबतो.

परतायच्या ठरलेल्या दिवशी बोट आली, पण लागली नाही. आभाळ स्वच्छ, वारासुद्धा नाही, आणि समुद्र मात्र फुगलेला. खूप दूर कुठंतरी वादळ होतं, त्याच्या लाटा इथं पोचत होत्या. त्या कड्यावरून पाणी वाहत होतं. नावाड्यानं दोन्ही हात हलवले, बोट वळवली आणि गेला. वायरलेसवर प्रकल्पाच्या प्रमुखांचा आवाज आला, "आज शक्य नाही. उद्या बघू." दुसऱ्या दिवशीही तेच. त्यानंतर वायरलेसची बॅटरी मंद झाली, म्हणून मॅडमनी तो फक्त सकाळी लावायचा असं ठरवलं.

मग एक विचित्र गोष्ट झाली. मैत्रीण कोसळली. ज्या मुलीला कधी कशाची भीती वाटली नव्हती, तिला भीतीचं काय करायचं हे माहीतच नव्हतं. ती तंबूत तोंड झाकून पडून राहिली. मध्येच उठून कड्याकडे धावायची, पाणी पाहून परत यायची. "अम्मा" एवढाच शब्द तिच्या तोंडात होता. एकदा तिनं पिण्याच्या पाण्याचा डबा हातातून पाडला आणि मॅडमनी पाणी वाहून जायच्या आत तो उभा केला.

मी घाबरले नव्हते असं अजिबात नाही. पण हे सगळं मला ओळखीचं होतं. भीती वाटत असताना काय करतात हे मी जन्मापासून बघत आले होते. बाबा काय करतात? दोर पुन्हा तपासतात. पिशवी भरून दाराशी ठेवतात. उद्यासाठी पाणी काढून ठेवतात. मीही तेच करत सुटले. तंबूच्या खुंट्यांवर दगड रचले, पाणी वाटून ठेवलं, तिघींची जॅकेटं हाताशी ठेवली. मैत्रिणीला समोर बसवून घास घास भरवला.

"तुला याची सवय आहे," मॅडम म्हणाल्या. टोमणा नव्हता तो. त्या दमल्या होत्या आणि त्यांचा चेहरा पिठासारखा पांढरा दिसत होता.

"तुम्हाला भीती वाटतेय का?"

"मला दर वेळी वाटते," त्या म्हणाल्या. "बोटीत बसल्यापासून."

हे ऐकून मला धीर यायला हवा होता. उलट मी आणखी घाबरले. मला वाटत होतं, निदान एक माणूस इथं असं आहे ज्याला सगळं माहीत आहे.

समुद्र थोडा उतरला त्या सकाळी बोट आली. थोडाच उतरला होता. पण पाणी संपत आलं होतं आणि नावाडी हातवारे करून बोलावत होता. आधी मैत्रीण गेली. डोळे मिटून तिनं स्वतःला अक्षरशः फेकलं आणि बोटीच्या तळाशी जाऊन पडली. मग मॅडम. त्या कड्याच्या टोकाशी उभ्या राहिल्या, बोट वर आली, त्यांनी पाऊल उचललं आणि शेवाळावरून मागचा पाय सटकला.

त्या बोट आणि खडक यांच्या मधल्या फटीत पडल्या.

मी ओरडले की नाही, मला आठवत नाही. मला आठवतं ते इंजिनचं किंचाळणं. नावाड्यानं बोट मागे खेचली, नाहीतर पुढच्या लाटेनं ती खडकावर आदळली असती आणि मध्ये मॅडम होत्या. त्यांचं नारिंगी जॅकेट वर आलं, पुन्हा खाली गेलं. पाण्यानं त्यांना खडकावर आपटलं. सोबत्यानं पालथं पडून त्यांच्या जॅकेटचा पट्टा धरला आणि मैत्रिणीनं, इतके दिवस तंबूत तोंड झाकून पडलेल्या त्या मुलीनं, त्यांची वेणी आणि पदर जे हाताला लागेल ते धरून त्यांना आत ओढलं.

आणि बोट लांब गेली.

नंतर कळलं की मोठ्या लाटांची एक रांग येत होती, ती टाळायला नावाडी बाहेर गेला होता. त्या वेळी मला ते कुणी सांगितलं नव्हतं. मी कड्यावर एकटी होते. बोटीत मॅडम पडलेल्या दिसत होत्या, हलत नव्हत्या. माझ्या डोक्यात आलं, त्यांना दवाखान्यात न्यायला हे लोक आता जाणार, आणि जायलाच हवं. त्या विचाराशी वाद घालावा असंही मला वाटलं नाही. मी मागे वळून बेटाकडे पाहिलं. पाण्याचा एक डबा शिल्लक होता. वाटलं, खुंट्या पुन्हा ठोकाव्या लागतील.

बोट परत आली तेव्हा माझा त्यावर विश्वासच बसेना.

मैत्रीण पुढच्या टोकाशी उभी होती. ओरडून ओरडून तिचा आवाज बसला होता. "आ जा! आ जा ना!"

मी खाली पाहिलं. बोट वर आली, मी गेले नाही. पुन्हा आली, मी गेले नाही. ज्या पाण्यातून आत्ताच मॅडमना बाहेर काढलं होतं तेच पाणी मला दिसत होतं. तिसऱ्यांदा बोट वर येताना मला एवढंच कळलं की पाय कड्यावर नाहीत. उडी मारायचा निर्णय मी घेतला नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. मी मैत्रिणीच्या अंगावर पडले, आम्ही दोघी फळ्यांवर आपटलो आणि तिनं मला किनारा येईपर्यंत सोडलं नाही.

मॅडमचा खांदा आणि दोन बरगड्या मोडल्या होत्या. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिली चौकशी मोजणीच्या कागदांची केली आणि दुसरी, "माझ्या आईला कळवलं का?" कळवू नका, असं त्यांना म्हणायचं होतं.

मी दवाखान्याशेजारच्या दुकानातून घरी फोन लावला. "सगळं ठीक आहे," मी म्हटलं.

"तुझा आवाज ठीक नाही," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "असू दे. आल्यावर सांग."

आल्यावर मी सांगितलं, सगळं. आई रडली. बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मध्ये एकही प्रश्न विचारला नाही, आणि मग उठून माझ्यासाठी चहा करायला गेले. त्यांना चहा करताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

पुढच्या वर्षी मॅडम पुन्हा निघाल्या. खांदा अजून नीट वर जात नव्हता. त्यांनी मला विचारलं आणि मी नाही म्हटलं. त्या रागावल्या नाहीत. "तू इथल्या तलावांवर काम कर," म्हणाल्या, "तेही कुणीतरी करायला हवं." मैत्रीण मात्र त्यांच्याबरोबर गेली. रात्रभर विचार करून, मला कळवून, गेली.

त्या दोघी तिकडे असताना मी रोज संध्याकाळी नारायणगुड्याला मॅडमच्या आईकडे जायची. त्यांना नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून फोन मी उचलायचा असं ठरलं होतं. आम्ही दोघी फोनशेजारी भाज्या निवडत बसायचो. एके दिवशी त्यांनी मला विचारलं, "ती उतरते ती जागा तू पाहिलीस ना? कशी आहे?"

मी भेंडीची देठं काढत राहिले. मला तो कडा दिसत होता, ओली फट दिसत होती. त्या कड्यावर एकटी उभी होते तेव्हासुद्धा मला इतकी भीती वाटली नव्हती. तिथं निदान समोर काय चाललंय ते दिसत तरी होतं.

"ओट्यासारखी आहे," मी मोठ्यानं, त्यांच्या कानाशी म्हटलं. "सपाट."

फोन आला तो शनिवारी. मॅडमचा आवाज खरखरीत, मागे मैत्रीण काहीतरी ओरडत होती. दोघी किनाऱ्यावर सुखरूप पोचल्या होत्या. मी रिसीव्हर आजींच्या हातात दिला, आणि बाहेर पायरीवर येऊन बसले.