गेसाची शोधफेरी

गेसा टोमसेनचा नवरा हिनर्क फेब्रुवारीत गेला आणि नवव्या दिवशी ती कामावर हजर झाली. शेनेफेल्डच्या क्ष-किरण प्रयोगशाळेतलं आमचं काम जमिनीखाली चालतं. "मोइन," असं रोजच्यासारखं अभिवादन केलं, जॅकेट खुंटीला लावलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली लोखंडाचे केसाहून पातळ पत्रे चौकटीत चिकटवायला बसली. मी विचारलं, "बरी आहेस ना?" तर म्हणाली, "डिंक संपत आलाय, डेटलेफ." दुसरं कोणी असतं तर मी चिडलो असतो.

पत्र्यांचं आयुष्यही काही मोठं नसतं. एका बाजूने भलामोठा लेझर पत्र्याला असा दाबतो, की तो क्षणभर पृथ्वीच्या पोटातल्या लोखंडासारखा होतो. तेवढ्यात क्ष-किरणांचा झोत त्याचा फोटो काढतो. फोटो आमच्या पडद्यावर येतो तेव्हा पत्रा उरलेलाच नसतो.

झोत सोडण्याआधी प्रयोगाच्या खोलीत कोणी राहिलं नाही ना, हे बघावं लागतं. आत कोणी अडकलं तर त्याचं काही खरं नाही. म्हणून एक जण सगळे कोपरे हिंडतो, प्रत्येक कोपऱ्यातलं बटण दाबतो आणि दाराजवळच्या शेवटच्या बटणापाशी मोठ्याने विचारतो, "आत कोणी आहे का?" उत्तर नाही आलं, की बटण दाबून बाहेर. हे सगळं तीन मिनिटांत. उशीर झाला तर भोंगा वाजतो आणि पुन्हा पहिल्यापासून. ही शोधफेरी गेसाची.

हिनर्क आमच्याकडेच हवा खेचणाऱ्या पंपांवर कामाला होता. गेसाने हाक मारली, की तो दाराबाहेरून घोगऱ्या आवाजात ओरडायचा, "कोणी नाही!" मग आतून "गाढवा!" असं ऐकू यायचं आणि बटण दाबलं जायचं. सात वर्षं, दिवसातून चारदा, हाच विनोद. माझे कान किटले होते.

"अरे, दुसरा एखादा विनोद येतो का तुला?" मी विचारायचो.

"यायचा. लग्नात वापरून टाकला."

मार्चमध्ये ल्योनहून ओदिल नावाची शास्त्रज्ञ आणि तिची माणसं आली. वर्षभर वाट पाहून त्यांना प्रयोगासाठी पाच दिवस मिळाले होते. शेवटच्या दुपारी अकरा पत्रे उरले होते आणि हातात तीन तास. चौकट बसवून गेसा फेरीला गेली. भोंगा वाजला. पुन्हा गेली. पुन्हा भोंगा. ओदिल घड्याळाकडे बघत राहिली.

"झोपा काढतेय का आत?" आमचा पाळीप्रमुख फोल्कर करवादला. "आता चुकली तर फेरी बंद, सरळ घरी पाठवतो. विश्रांती घेऊ दे तिला."

गेसा दारात उभी होती. चेहरा कोरा. "घरी नको, फोल्कर," ती म्हणाली. "घरी मी काय करू? इथे निदान हात तरी चालतात."

तिसऱ्यांदा ती आत गेली तेव्हा मी दाराशी जाऊन उभा राहिलो. एकामागून एक बटणं दाबल्याचे आवाज येत होते. कुठे अडखळणं नाही, काही नाही. मग हाक आली, "आत कोणी आहे का?" आणि नंतर नुसती शांतता. मी वाकून पाहिलं. तिचा हात बटणावर होता, मान दाराकडे वळवलेली. ती उत्तराची वाट बघत होती.

सात वर्षं मी ज्या विनोदाला नावं ठेवली, तोच. मला स्वतःची लाज वाटली.

चाळीस सेकंद उरले होते. बाहेरच्याने उत्तर द्यायचं नाही, असा नियम आहे. हिनर्क तो रोज मोडायचा. मी घसा खाकरला आणि जमेल तेवढ्या घोगऱ्या आवाजात ओरडलो, "कोणी नाही!"

बटणाचा आवाज आला नाही. फोल्करने डोळे वटारले.

"कोणी नाही, गेसा," मी पुन्हा म्हणालो, या वेळी माझ्याच आवाजात.

"ऐकलं," ती म्हणाली.

बटण दाबून ती बाहेर आली. दार सरकलं, लाल दिवा लागला. फोल्करने खुर्ची पडद्याकडे वळवली. गेसा माझ्या शेजारी उभी राहिली आणि तिने माझी बाही धरली.

"गाढवा," ती हळूच म्हणाली.

पहिला पत्रा गेला, दुसरा गेला. बाही तिने सोडली नाही.